मशीनला हात लावला की चुणचुण होते, सॉकेटला अर्थिंग आहे का कसं बघायचं?

प्रश्न
सांगलीत जुन्या घरात भाड्याने राहतो. नवीन वॉशिंग मशीन घेतलं, पण ओला हात पत्र्याला लागला की चुणचुण होते, टेस्टर लावला तर पेटतो. वायरमनने थ्री पिनच्या वरच्या भोकात टेस्टर घातला, पेटला नाही, म्हणाला अर्थिंग ओके आहे आणि गेला. एवढ्यावरून कळतं का? मुलगी लहान आहे, सारखी मशीनपाशी जाते म्हणून काळजी वाटते.

उत्तर
नाही कळत दादा. टेस्टर पेटला नाही म्हणजे तिथे फेज नाही, इतकंच. मागे वायरच जोडलेली नसली तरी तो पेटणार नाही. आधी मशीनची पिन काढून ठेवा. मशीनमधल्या इलेक्ट्रिक फिल्टरचा (कचऱ्याची जाळी नव्हे, विजेतला गोंगाट गाळणारा भाग) थोडा करंट अर्थमधून निघून जायला हवा, वाट नसली की तो पत्र्यावर येतो, तीच चुणचुण.
मल्टीमीटर एसी व्होल्टवर मोठ्या रेंजला ठेवा, लाल प्रोब व्होल्टच्याच भोकात आहे ना बघा, अँपिअरच्या भोकात राहिला तर सरळ शॉर्ट होतो. समोरून उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. फेज-न्यूट्रल 230 च्या आसपास, फेज-अर्थ पण जवळपास तेवढंच आलं पाहिजे. अर्धवट आकडा आला किंवा नाचत राहिला तर अर्थ तुटलाय.

उत्तर
वरचं बरोबर, पण मीटर फसतो हो. वायरीची एक तार कशीबशी टेकलेली असली तरी 230 दाखवतो, आणि काही जण सॉकेटच्या मागे न्यूट्रलवरून तुकडा मारून अर्थला देतात, तेव्हाही सगळं ओके दिसतं आणि पुढे कधी न्यूट्रल तुटला की अख्खा पत्रा फेजवर. त्यामुळे मेन बंद करून बोर्ड उघडून बघाच. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून बघतात तो प्रकार घरी करू नका, अर्थ पुढे कुठे तुटलेला असेल तर बल्बमधून फेज त्याच वायरीवरच्या फ्रिज-गिझरच्या पत्र्यावर येतो.

प्रश्नकर्ता
मीटर आणला. फेज-न्यूट्रल 234, फेज-अर्थ नव्वदच्या आसपास आणि आकडा हलतोय. मेन बंद करून बोर्ड उघडला तर हिरवी वायर कापून टेप लावून आत कोंबलीये, सॉकेटचा अर्थचा स्क्रू रिकामाच. नुसती जोडली तर चालेल?

उत्तर
लगेच जोडू नका. कापली का ते आधी शोधा, दुसरीकडून तीत करंट येत असेल म्हणूनही कापली असेल. लायसन असलेला वायरमन बोलवा, ती वायर मेन बोर्डापर्यंत आणि तिथून अर्थिंगसाठी जमिनीत केलेल्या खड्ड्यापर्यंत सलग आहे का तपासून घ्या, खड्ड्याचा रेझिस्टन्स अर्थ टेस्टरने मोजायला लावा. जुन्या घरांत खड्ड्यातला पाइप गंजून गेलेला असतो. आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या, घरमालकांशी बोला. तिचं टेस्ट बटण दाबून ट्रिप झाली म्हणजे अर्थिंग आहे असं मात्र धरू नका, अर्थ नसतानाही ते बटण चालतं.