हिरड्या मागे सरकणे : कारणे, उपचार आणि आपले अनुभव

गेल्या दिवाळीत थंड पाणी पिताना माझ्या वरच्या डाव्या सुळ्यात जोराची कळ गेली. आरशात पाहिले, तर तो सुळा शेजारच्या दातांपेक्षा लांब दिसत होता आणि मुळाचा पिवळसर भाग उघडा पडला होता. दात किडला असावा असे मला वाटले. प्रत्यक्षात कडक ब्रश वर्षानुवर्षे आडवा आणि जोर लावून घासल्यामुळे हिरडी झिजली होती. आता मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी तिरपा टेकवून हलकेच फिरवतो आणि पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट वापरतो. महिन्याभरात कळ थांबली, हिरडी मात्र परत आली नाही. ती आपोआप येतही नाही. आपल्याला हा त्रास झाला असल्यास उपचारांबरोबर कारणही अवश्य लिहावे.

*

माझ्या आईने चाळीस वर्षे मशेरी लावली. तंबाखूमुळे रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे हिरड्यांतून रक्त येण्याची खूण तिला कधी दिसलीच नाही आणि खालचे पुढचे दात हलू लागले तेव्हाच आम्ही जागे झालो. निरोगी हिरडीत सुमारे ३ मिलिमीटरपर्यंत जाणारी मोजपट्टी तिच्या हिरडीत ७ मिलिमीटर गेली. भूल देऊन मुळांवरचे किटण चार खेपांत काढले. त्यानंतर दातांत फटी दिसल्यावर नातेवाईक म्हणाले, ‘साफ केल्यानेच दात खिळखिळे झाले.’ हा समज फार नुकसान करतो, म्हणून मुद्दाम लिहिते : सूज उतरली आणि फटींत भरलेले किटण निघाले, म्हणून फटी दिसू लागल्या. दोन दात काढावेच लागले. मशेरी सुटायला वर्ष गेले.

*

माझ्या बाबतीत मूळ मधुमेहात निघाले. हिरड्या सुजलेल्या पाहून दंतवैद्यांनीच रक्तातील साखर तपासायला सांगितले. साखर आटोक्यात आल्यावरच हिरड्यांची सूज टिकाऊपणे उतरली.

*

मी तोंडातील टाळूवरचा पातळ थर घेऊन हिरडीवर कलम करवून घेतले. हिरडीपेक्षा टाळूची जखम अधिक दुखली. आठवडाभर मऊ भात आणि गार ताक एवढाच आहार होता. टाके दोन आठवड्यांनी काढले. मूळ बरेचसे झाकले गेले, पूर्ण नाही. मात्र घासण्याची पद्धत सुधारल्याशिवाय शस्त्रक्रिया करणार नाही, असे डॉक्टरांनी आधीच बजावले होते आणि सहा महिने थांबवले, ते मला आज योग्य वाटते. आपल्या सुळ्याची हिरडी आणखी सरकत नसेल, तर शस्त्रक्रियेची घाई करू नये. दर सहा महिन्यांनी मोजमाप मात्र करून घ्यावे.