‘गोळी रोज घेतो’ म्हणतात आणि बीपी १६० च्या खाली येत नाही. खरं कसं ओळखायचं?

प्रश्न: उपकेंद्र सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), बीड जिल्हा

बीपीचे रुग्ण दर ३० दिवसांनी गोळ्या नेतात. बहुतेकांना अ‍ॅम्लोडिपिन ५ मिग्रॅ, काहींना जोडीला टेल्मिसार्टन ४०. ‘गोळी घेता का?’ विचारलं की सगळ्यांचं उत्तर ‘हो, रोज’. मोजलं की १६०/९६. अशांना डोस वाढवायला सरळ पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) पाठवायचं, की आधी गोळी पोटात जाते का ते बघायचं? बघायचं तर कसं? दुसरं असं की, दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं ते गुढीपाडव्याच्या आगेमागे परततं. त्या काळाचं काय?

उत्तर १: औषधनिर्माता, ग्रामीण रुग्णालय

आधी गोळ्या दिल्याच्या तारखांचं कार्ड बघा, रुग्णाला नंतर विचारा. ३० गोळ्या दिल्या आणि माणूस ४५ व्या दिवशी आला, तर ३० भागिले ४५, म्हणजे ६७ टक्के. बाहेरच्या मेडिकलमधून घेतल्या नसतील, तर याहून जास्त गोळ्या पोटात जाणं शक्यच नाही. साधारण ८० टक्क्यांच्या खाली गेलं की गोळ्या नियमित नाहीत असं धरतात. शेवटच्या एका खेपेवर निकाल देऊ नका, मागच्या चार-सहा महिन्यांची बेरीज करा.

तारखेला येणाऱ्यांकडून उरलेली पाकिटं मागवा. ३० दिल्या, २८ व्या दिवशी ९ उरल्या, म्हणजे २८ दिवसांत २१ घेतल्या: ७५ टक्के. इथे चूक होते ती मागच्या महिन्याची शिल्लक न धरल्याने. ती मिळवूनच भागाकार करा. आणि मोजणी ‘तपासणी’ वाटू देऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी गोळ्या मोरीत जातील आणि पाकीट रिकामं येईल. ‘किती उरल्यात ते सांगा, तेवढ्या कमी देते’ असं म्हटलं की लोक खरी पाकिटं काढतात.

दोन औषधं असतील तर दोन्हींचा हिशोब वेगळा. एकच पाकीट संपलेलं असणं ही नेहमीची गोष्ट.

उत्तर २: फिजिशियन

‘घेता का?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा: ‘गोळी कुणाचीही राहते. गेल्या आठ दिवसांत तुमची किती वेळा राहिली?’ मग ‘कशामुळे?’ कारण बहुधा पुढच्यापैकी निघतं.

बीपी नॉर्मल आलं म्हणून बंद केली. यात अ‍ॅम्लोडिपिनचाही थोडा दोष आहे. शरीरातलं त्याचं प्रमाण निम्मं व्हायलाच ३० ते ५० तास लागतात. एक दिवस गोळी चुकली तरी काही होत नाही आणि माणूस त्यातून नको तो धडा घेतो. पण पूर्ण असर जमायलाही आठवडाभर लागतो. त्यामुळे तारखेच्या आदल्या दोन दिवशी घेतलेल्या गोळ्यांनी आकडा सुधारत नाही. अ‍ॅटेनोलॉल किंवा क्लोनिडिन घेणाऱ्यांना मात्र ठणकावून सांगा: एकदम थांबवलं तर बीपी उसळतं.

पाय सुजले. ‘किडनीवर गेलं’ म्हणत गोळी परस्पर बंद होते. अ‍ॅम्लोडिपिनने बारीक रक्तवाहिन्या सैलावतात आणि पाणी घोट्याशी उतरतं. १० मिग्रॅवर हे जास्त दिसतं. लघवी वाढवणाऱ्या गोळीने फारसं हटत नाही. डोस कमी करून टेल्मिसार्टन जोडलं की बऱ्याचदा उतरतं. चेहऱ्यावर सूज, धाप किंवा एकाच पायाला सूज असेल तर मात्र तपासायला पाठवा.

कंबरदुखीची गोळी. ऊसतोडीच्या गावात हे हमखास विचारा. डायक्लोफेनॅकने बीपी चढतं, आणि टेल्मिसार्टन व लघवीच्या गोळीच्या जोडीला रोज घेतलं तर मूत्रपिंडावर खरंच ताण येतो. अशा वेळी बीपीची गोळी नियमित असूनही आकडा खाली येत नाही.

गोळ्या ८० टक्क्यांच्या वर आणि मोजमापही नीट असेल (पाच मिनिटं बसवून, पाठ टेकून, दंड छातीच्या पातळीला, दोनदा), तर औषध वाढवायला पाठवाच. ‘घेतच नसेल’ असं म्हणत महिनोन् महिने थांबणं हीसुद्धा चूकच. मिश्री लावून, चहा पिऊन आलेल्या बाईचं बीपी अर्धा तास थांबून घ्या. १८०/११० च्या वर असून छातीत दुखणं, बोलताना अडखळणं, एका बाजूला अशक्तपणा असेल, तर हिशोब करत बसू नका, लगेच रुग्णवाहिका.

उत्तर ३: एनसीडी (असंसर्गजन्य आजार) समुपदेशक, सातारा

ऊसतोडीबद्दल. टोळी निघायच्या दोन-तीन आठवडे आधी यादी काढा. मुकादमाला तारीख माहीत असते, आशाताईंना घर. बीपी स्थिर असेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीने ९० दिवसांच्या गोळ्या आणि वर १५ द्या. टेल्मिसार्टनवाल्यांची क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि पोटॅशियमची रक्ततपासणी निघण्याआधी होऊ द्या. बाळंतपणाच्या वयातल्या बाईला टेल्मिसार्टन असेल तर गर्भाचं आधी विचारा. गरोदरपणात ते चालत नाही. उरलेल्या दोन महिन्यांसाठी कार्ड सोबत हवं, आणि त्यावर कंपनीचं नाव न घालता औषधाचं नाव आणि मिग्रॅ लिहा. ‘पांढरी बारीक गोळी’ एवढ्यावरून कारखान्याजवळच्या पीएचसीत कुणी काही देऊ शकत नाही.

वेळेचा हट्ट सोडा. फडात पहाटे जातात, ‘नाष्ट्यानंतर’ला तिथे काही अर्थ नाही. २०२२ मध्ये ब्रिटनच्या ‘टाइम’ चाचणीत २१ हजारांवर रुग्णांत सकाळ आणि संध्याकाळच्या गोळीत हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघाताच्या बाबतीत फरक निघाला नाही. कोपीवर (ऊसतोड कामगारांच्या झोपडीवर) परतल्यावर जेवताना घेतली तरी चालेल. क्लोरथॅलिडोन (लघवी वाढवणारी गोळी) तेवढी सकाळीच, नाहीतर रात्रभर लघवीला उठावं लागतं. जुलाब-उलट्या लागल्या, पाणी पोटात ठरेना, तर टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी तेवढ्यापुरती थांबवण्याबद्दल लगेच फोन करायला सांगून ठेवा.

प्रश्नकर्ती

कळलं. आठवड्याच्या कप्प्यांच्या डब्या वाटायचा विचार आहे, कोपीवर सोयीच्या पडतील का? आणि राहिलेली गोळी दुसऱ्या दिवशी दोन मिळून घेतात, त्याचं काय?

उत्तर ४: औषधनिर्माता, ग्रामीण रुग्णालय

दोन मिळून नाही. त्याच दिवशी आठवलं तर घ्यावी, दुसरा दिवस उजाडला तर राहिलेली सोडून नेहमीची एकच.

डबीत टेल्मिसार्टन सुटी टाकू नका. हवेतली ओल ती पटकन ओढते, म्हणून दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनिअमच्या पाकिटात येते आणि घ्यायच्या वेळीच फोडायची असते. पाकीटच कात्रीने एकेका गोळीचं कापून कप्प्यात ठेवा, फक्त कड फाटू देऊ नका. त्याहून स्वस्त म्हणजे पाकिटाच्या मागे पेनाने सोम, मंगळ, बुध लिहून देणं. वाचता येत नसेल तर बाजाराच्या वाराच्या गोळीवर ठिपका काढा, पुढचे वार तिथून मोजता येतात.