भरती-ओहोटी बघून आखलेला शनिवार-रविवार : तुमचे अनुभव लिहा

मागच्या थंडीत आम्ही चार मैत्रिणी अलिबागला गेलो. खोली ठरलेली, सुरमईचं ताट ठरलेलं, येताना पांढऱ्या कांद्याची माळ मिळेल का यावर वादही झालेला. भरती कधी, हे मात्र कुणीच बघितलं नव्हतं. 'ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं' एवढ्या माहितीवर दुपारी बारा वाजता किनाऱ्यावर उभ्या राहिलो. ओहोटी होती, पण पाणी मांडीपर्यंत. घोडागाडीवाले काका म्हणाले, "ताई, आज अष्टमी. भांगाचं पाणी. ते ना धड चढत, ना धड उतरत."

मग त्यांनी चाबकाच्या दांडीने वाळूत गणित मांडलं. तिथीची पाऊणपट करायची, येईल तो भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. पाणी रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येतं, त्याचाच हा हिशेब. तेव्हापासून सुट्टी ठरवताना मी आधी कालनिर्णय उघडते आणि खोलीचं नंतर बघते.

तुमचेही असे अनुभव असतील. फसलेले आधी लिहा, ते जास्त उपयोगाचे.

खाडीकाठचा
मी अलिबागचाच. काकांचं गणित बरोबर आहे, फक्त ते ढोबळ आहे. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा येते, प्रत्यक्षात पाणी बाराच्या पुढे भरतं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धराच, आणि नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातच बघा. किल्ल्यासाठी चतुर्थी-पंचमीचा शनिवार गाठा. ओहोटी सकाळी नऊ-दहाच्या सुमारास येते, ऊन कोवळं असतं. पाणी पूर्ण ओसरायच्या तासभर आधी पाय घाला आणि ते वळलं की परत फिरा. पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप लांब जातं, पण जातं सकाळी-संध्याकाळी सहाला. संध्याकाळी आत शिरलात तर अंधारात आणि चढत्या पाण्यात परतावं लागेल.

आत गेल्यावर घाईत फोटो काढून पळू नका. 1759 मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे, भोवती खारं पाणी असून आत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे आणि उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या दोन तोफा आहेत. आम्ही लहानपणी त्या तोफांवर बसून करवंदं खायचो.

दोन डबे एक पिशवी
फसलेला अनुभव हवाय ना? नवी गाडी, ओली घट्ट वाळू, आणि आमच्या ह्यांचा उत्साह. मुरुडच्या अलीकडच्या एका किनाऱ्यावर (नाव सांगत नाही, गावकऱ्यांनी बजावलं होतं) 'रस्त्यासारखीच आहे' म्हणत गाडी खाली घातली. वाळू वरून घट्ट, खाली पाणी. मागची चाकं रुतली. पहिली लाट टायरला लागली तेव्हा आम्ही दोघंही गप्प. शेवटी ट्रॅक्टर आला, पैसे देताना ह्यांनी एक अक्षर घासाघीस केली नाही. लग्नाला 19 वर्षं झाली, असं प्रथमच पाहिलं.

एसटीची खिडकी
हरिहरेश्वर. आईची प्रदक्षिणेची इच्छा होती. देवळामागून पायऱ्या उतरून खडकांवरून जाते ती वाट, जी ओहोटीलाच मोकळी असते. आम्ही पोचलो भरतीला. देवळातले गुरुजी म्हणाले, "चार तास थांबा, नाहीतर हात जोडा इथूनच." तिथे माणसं वाहून गेली आहेत, त्यामुळे ते हे सांगताना हसत नव्हते. थांबलो. आई पडवीत बसून एका आजींशी आमसुलांवर बोलत राहिली, मी झोपलो. चारनंतर उतरलो तेव्हा पाण्याने खडकात कोरलेली जाळी नुसती चमकत होती. आईने दर पाच पावलांना थांबून ती हाताने चाचपली. त्या दिवशीचं बाकी सगळं रद्द केलं: श्रीवर्धन, दिवेआगर, सगळं. दोन दिवसांत तीन गावं करायची, हा माझाच हट्ट होता म्हणा.

मालवणी माणूस
पाऊणपट आमच्याकडे जशीच्या तशी लावू नका! आमच्याकडे भरती मुंबईपेक्षा लवकर येते, आणि पाण्याची चढउतारही तुमच्या निम्म्याच्या आसपास. तरी देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे ओहोटीचा ओढ अनुभवा म्हणजे कळेल. होडीवाला सांगेल तेव्हाच वाळूच्या पट्ट्यावर उतरा आणि तो हाक मारेल तेव्हा चढा. सेल्फी संपवतो-संपवतो करू नका, तो तुमच्यासाठी नाही, पाण्यासाठी घाई करत असतो.

लँकेशायरकर
इकडे इंग्लंडमध्ये मोरकम्ब बे नावाचा उथळ उपसागर आमच्यापासून जवळ. उधाणाला पाणी दहा मीटरपर्यंत चढतं-उतरतं, मुंबईच्या दुप्पट. ओहोटीला मैलोन्‌मैल वाळू उघडी पडते, आणि पाणी परत येतं ते समोरून नाही, मागच्या ओघळींतून वळसा घालून. 2004 च्या फेब्रुवारीत इथे शिंपले वेचणारे 20 हून अधिक चिनी मजूर रात्री बुडाले. आम्ही आर्नसाइडला राहतो ते बंदराच्या भिंतीवर बसून चहा प्यायला. भोंगा होतो, थोड्या वेळाने नदीतून उलटी लाट चढत येते, पोरं टाळ्या वाजवतात. वाळूवरून पलीकडे जायचं तर वाटाड्याबरोबरच. बाबा आले होते तेव्हा त्यांनी इथेही पाऊणपट लावून बघितली. जमली नाही, फार वाईट वाटलं त्यांना.

हेदवीची लेक
सगळे ओहोटीचं लिहिताहेत. आमच्या बामणघळीला उलट भरतीला या. खडकातल्या अरुंद भेगेत लाट शिरते आणि कारंज्यासारखी वर उसळते. ओहोटीला आलात तर नुसती घळ दिसेल आणि 'एवढ्यासाठी आणलंस?' ऐकावं लागेल. कडेला मात्र जाऊ नका, शेवाळ आहे.

कालवंवाली मावशी (मुंबई)
मी फिरायचं ठरवतच नाही. पाणी उतरलं की खडकावर बायका कालवं फोडायला बसतात, त्यांच्यापासून जरा लांब बसते. बारके खेकडे वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या बाहेर टाकत बिळाभोवती रांगोळी घालतात. दोन तास जातात. मग पाणी येतं, ती पुसून टाकतं, आणि मी जेवायला जाते. नवरा म्हणतो, एवढं भाडं भरून आलीस ते हे बघायला का. हो.

आठवडाभर उशीर
धागा आत्ता वाचला. आमचं याच रविवारचं बुकिंग आहे. कॅलेंडर बघितलं, अष्टमी! म्हणजे किल्ला गेला. मांडव्यापर्यंत रो-रोने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) गाडी नेणार आहोत, पण ती पार्किंगमध्येच राहील हे आत्ता ठरलं. घोडागाडीवाल्या काकांना काही निरोप आहे का?