टायफॉईडमध्ये आतडे फुटल्यावर पोटावर लावलेली पिशवी कधी आणि कोठे बंद करावी? (सोलापूर)

विडी घरकुल (धागाकर्ती): माझा धाकटा भाऊ यंत्रमागावर कामाला आहे. दोन आठवडे ताप अंगावर काढल्यानंतर त्याच्या पोटात एकाएकी असह्य दुखू लागले, पोट फळीसारखे ताठ झाले आणि उभ्याने काढलेल्या एक्स-रेमध्ये श्वासपटलाखाली हवा दिसली, म्हणजे आतडे फुटले होते. ऑपरेशनमध्ये लहान आतड्याच्या शेवटच्या भागात छिद्र सापडले. पोटात घाण फार पसरल्याने सर्जननी आतडे पोटावर काढून पिशवी लावली. आता दीड महिना होत आला असून पिशवीभोवतीची कातडी सोलवटली आहे आणि वजनही भरत नाही. पिशवी काढून आतडे पुन्हा जोडण्याचे दुसरे ऑपरेशन कधी व कोठे करावे? चाळीस हजारांपलीकडे आमची ऐपत नाही.

होटगी रस्ता: ताई, वेळ न दवडता पुण्याला न्या. माझ्या पुतण्याला हाच आजार झाला होता आणि आम्ही त्याला त्याच रात्री पुण्याला हलवले. खर्च तीन लाखांवर गेला, परंतु तेथे छिद्राच्या कडा साफ करून दोन थरांत टाके घातले आणि पिशवी लागलीच नाही. तुमच्याकडेही तसे करता आले असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवृत्त परिचारिका: ते मत मला मान्य नाही. छिद्र एकच असेल, रुग्ण लवकर आला असेल आणि आतडे बरे दिसत असेल, तर टाके घालणे योग्यच आहे. परंतु आतडे सुजून ठिसूळ झाले असेल आणि पोटात विष्ठा पसरून बराच वेळ गेला असेल, तर तेच टाके सुटून पुन्हा सगळे पोटात सांडण्याचा धोका असतो. अशा वेळी पिशवी रुग्णाचा जीव वाचवते.

ताई, आता कातडीविषयी. पिशवीच्या चकतीचे भोक आतड्याच्या तोंडाच्या मापाचेच कापा, कारण मोठ्या भोकातून पाझरणारा पाचक रस कातडी जाळतो. कातडी साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करूनच चकती चिकटवा. नुसते पाणी भरपूर पाजू नका, त्याने शरीरातील मीठ आणखी कमी होते, ओआरएस द्या. पिशवीत दिवसाला दीड लिटरहून अधिक जात असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर त्याच दिवशी दाखवा. पिशवी रिकामी केल्यावर साबणाने हात धुवा, कारण विष्ठेतून टायफॉईडचे जंतू बरे वाटू लागल्यावरही जाऊ शकतात.

जुळे सोलापूर: मुळात विडाल (टायफॉईडची रक्ततपासणी) किती आली होती? आमच्याकडे विडाल पाहूनच पहिल्या दिवशी औषध सुरू केले आणि पुढचे सगळे टळले.

निवृत्त परिचारिका: पहिल्या आठवड्यात विडाल बहुधा काही सांगत नाही आणि पूर्वीच्या संसर्गामुळेही ती वाढलेली दिसू शकते. अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी रक्ताचे कल्चर (रक्तातील जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) पाठवणे अधिक भरवशाचे असते.

सात रस्ता: पुण्यालाच जा, हे मीही सांगतो. माझ्या मेहुण्याची पिशवी सहाव्या आठवड्यातच बंद केली आणि काहीही बिघडले नाही. इतके दिवस पिशवी घेऊन तरुण मुलाने घरात का बसावे?

दमाणी नगर: ताईंनी ऐपत सांगितली आहे, ती कोणी वाचलेली दिसत नाही. शासकीय रुग्णालयात सर्जरीच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवा आणि रेशनकार्ड व आधार घेऊन आरोग्यमित्रांना (रुग्णालयातील सरकारी योजनेच्या मदतनिसांना) भेटा. हे ऑपरेशन महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसते का, ते विचारा. घरात पाण्याची पिंपे भरून ठेवावी लागत असतील, तर पिण्याचे पाणी उकळूनच घ्या आणि घरातील इतरांच्या लसीबद्दलही विचारा.

विडी घरकुल (धागाकर्ती): सर्वांचे मनापासून आभार. चकतीचे भोक खरोखरच मोठे कापले जात होते. ते बदलल्यापासून आग कमी झाली आहे. आम्ही पुण्याला जाणार नाही आणि रुग्णालयही बदलणार नाही. ज्या सर्जननी भावाचे पोट उघडून पाहिले, त्यांच्याकडेच दुसरे ऑपरेशन करायचे ठरले आहे. त्यांनी तीन महिने होऊ द्यायला सांगितले असून, वजन व हिमोग्लोबिन वाढल्यावर आणि पिशवीच्या पुढच्या आतड्यात एक्स-रेत दिसणारे औषध घालून एक्स-रे काढल्यावरच ते तारीख देतील. खर्च हप्त्यांनी घेण्याचेही त्यांनी मान्य केले आहे. तोवर अंडी, डाळ आणि ओआरएस चालू ठेवते.