पाहुण्यांना यादी घेऊन सराफ्यात नेणं बंद करा

राजवाड्यामागचा

मे महिन्यात बोरिवलीहून बहिणीकडची पाच माणसं आली होती. दोन रात्रींचा मुक्काम. भाच्याने अवंतिका एक्स्प्रेसमध्ये बसल्याबसल्या रील्स बघून यादी करून आणलेली: सतरा पदार्थ. शनिवारी रात्री साडेनऊला आम्ही सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, शिरलो. सोन्याचांदीच्या दुकानांची शटरं खाली आलेली, त्यांच्यापुढे कढया लागलेल्या, गर्दी अशी की पाऊल आपण टाकत नाही, मागचा टाकायला लावतो.

पहिले तीन-चार पदार्थ सगळ्यांनी मनापासून खाल्ले. पाचव्यापासून फोटो, एक घास, पुढे चला. भुट्ट्याच्या कीसाचा दोना हातात आला तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, हा उपमा आहे का?" मका किसून, तूप-मोहरी-हिंगाच्या फोडणीवर टाकून, दूध घालत घालत मंद आचेवर परतत बसायचं, हे तासाभराचं काम. त्याचा निकाल एका घासात लागला. बहिणीच्या सासूबाई अर्धा जलेबा हातात धरून उभ्या. तो एकटाच पाव किलोच्या आसपास भरतो, आणि टाकायला जीव होईना. जिजाजींनी गराडू मागितला. मे महिन्यात! गराडू हा थंडीतला कंद, मेमध्ये तो कुठून आणायचा?

दीड वाजता घरी. मग अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या. सकाळी मी सहज विचारलं, सगळ्यांत काय आवडलं? पाचही जण एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी बहीण म्हणाली, "ते... गोड होतं ना, ते."

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. एका फेरीत दोन, फार तर तीन पदार्थ. ज्याला जे हवं त्याची पूर्ण प्लेट. आणि सकाळी सातला मोहल्ल्यातल्या कोपऱ्यावरचे पोहे, जे कुणाच्याच यादीत नसतात. खाली पाणी उकळतंय, वर पोह्यांचं पातेलं वाफेवर बसलंय, म्हणून दहापर्यंत मऊ राहतात. आत बडीशेप, वरून शेव, कच्चा कांदा, जीरावन (इथला भुरभुरायचा मसाला), लिंबू. शेजारी जलेबीची कढई. एवढं नीट खाल्लं तरी इंदूर खाल्लं म्हणायला हरकत नाही.

दोन दिवसांचा पाहुणा

वाचून राग आला, खरं सांगतो. तुम्ही इंदूरला राहता. तुम्हाला आज कीस, पुढच्या शनिवारी खोबरा पॅटिस, नंतर कधीतरी मालपुआ, असं आयुष्यभर पुरवून खाता येतं. आम्ही नाशिकहून येतो, पुन्हा कधी येऊ माहीत नाही. दोन रात्रींत दोन-दोन पदार्थ म्हणजे चार. चार पदार्थांसाठी रजा टाकून, पोरांना घेऊन एवढा प्रवास करायचा?

आणि एक घास खाल्ला म्हणजे चव कळली नाही, हे कुणी ठरवलं? गेल्या डिसेंबरात आम्ही पाच जण होतो. एक प्लेट, पाच चमचे. बारा पदार्थ झाले, कुणालाही त्रास झाला नाही, काहीही फेकलं नाही. मला आजही सांगता येईल की गराडूला वरून मसाला आणि लिंबू लागलं नसतं तर तो सुरणासारखाच लागला असता, आणि कचोरीतल्या हिंगाचा वास बोटांना दुसऱ्या दिवशीपर्यंत होता. तुमच्या भाच्याला रस नव्हता, त्यात यादीचा काय दोष?

राजवाड्यामागचा

एक प्लेट पाच चमचे हे मान्य. आमच्याकडे पाच प्लेटा आणि पाच मोबाइल होते.

लोकमान्यनगरची काकू

दोघांनाही सांगते, रागावू नका. सराफा हे पोटभर जेवायचं ठिकाण कधी नव्हतंच. आमचं लग्न झालं तेव्हा रात्रीची जेवणं घरी आटोपून, भांडी घासून, मग सगळे मिळून फिरायला निघायचे. बायकासुद्धा, अकरा-साडेअकराला, काही वाटायचं नाही. सासरे फक्त कीस घ्यायचे, एक दोना, उभ्याउभ्या. सासूबाई थंडीत गराडू आणि मुगाचा हलवा. बाकीचे त्यांच्या दोन्यात बोटं घालायचे. जेवण झालेलं असल्यामुळे कुणाला भूक नसायची, त्यामुळे हावही नसायची. हल्ली लोक दुपारपासून उपाशी राहून येतात आणि नऊ वाजता तुटून पडतात. मग त्रास होणारच.

म्हणून पाहुण्याचं चाखणं बरोबर, आणि राजवाड्यामागच्यांची पूर्ण प्लेट चूक. "खाईन तर तुपाशी" हा बाणा बाफल्यापुरता ठेवा. बाफला म्हणजे कणकेचा गोळा, तो आधी पाण्यात उकडतात, मग भाजतात, मग तुपात बुडवतात. दोन खाल्ले की संध्याकाळपर्यंत डोळा उघडत नाही. तो रविवारी दुपारी, बसून, पंख्याखाली खायचा. त्यासाठी चांगलं हॉटेल बघा, गल्लीत उभं राहून तो होत नाही.

सदाशिवी

मी पुण्याचा, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितो. इंदूरची साबुदाणा खिचडी ही खिचडी नाही. मी ऑर्डर दिली, तर त्या माणसाने वाफवलेला कोरडा साबुदाणा भांड्यातून काढला, त्यावर मसाला, मिरची, कोथिंबीर, लिंबू टाकलं, हाताने एकदा वरखाली केलं, वरून फराळी शेव नि बटाट्याचा चिवडा, आणि दिली. कढईत घातलीच नाही! तुपात जिरं तडतडलं नाही, दाण्याचं कूट नाही. ही भेळ आहे. चविष्ट आहे, मी दोन खाल्ल्या. पण भेळ आहे. तसंच तुमची शिकंजी. मी लिंबूसरबत समजून मागितली, तर ग्लासात दाट, सुक्यामेव्याचं, किंचित आंबुस दूध. छान होतं, पण त्यानंतर तासभर काही खाता येईना. यादी करणाऱ्यांनी शिकंजी शेवटी लिहावी एवढंच सुचवतो.

लोकमान्यनगरची काकू

सदाशिवी, दोन खाल्ल्यात ना, मग नाव काहीही ठेवा. आमच्याकडे एकादशीला घरी तुमच्यासारखीच होते, तुपातली, कूट घालून. बाहेरची खिचडी उपासाची नाहीच मुळी, ती कुठल्याही वारी, भूक लागली की खायची. घरात दोन्ही आहेत आणि भांडण एकाचंही नाही.

अट्टल भिया

मला एक विचारायचंय. यादीत मोमो होते का? मध्यंतरी सराफ्यात फक्त पारंपरिक पदार्थच ठेवा, चायनीज-मोमोंना बाहेर काढा असा केवढा वाद झाला. सराफांचंही म्हणणं होतं की गर्दी आणि गॅसच्या टाक्या वाढल्यात, उद्या आग लागली तर बंब कुठून आत येणार? ते मला पटतं. पाहुण्यांना मोमो खायला सराफ्यात नेणारा इंदूरी असेल तर त्याला गावाबाहेर काढा भिया.

मूळचा कोण

आगीचं ठीक, पण "पारंपरिक" हा शब्द जपून वापरा. भुट्टा, म्हणजे मका, अमेरिकेतून आलेला. खोबरा पॅटिसच्या बाहेरचा बटाटा तिथलाच. सगळ्यात पडणारी मिरची तिथलीच. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोही दक्षिण अमेरिकेतला. जलेबी पश्चिमेकडून आली. यातलं सगळं काढून टाकलं तर सराफ्यात काय उरेल? गराडू, मूग आणि दहीवडा. मोमोंनाही थोडी वर्षं द्या, नातवंडं त्यांनाही पारंपरिक म्हणतील.

राजवाड्यामागचा

मोमो यादीत होते. मीच खोडले. परदेशी म्हणून नव्हे, बोरिवलीला स्टेशनबाहेर मिळतात म्हणून. दोन रात्रींसाठी आलेल्या माणसाने जे इथेच मिळतं ते खावं, एवढाच माझा हिशोब. कीस तुम्हाला बोरिवलीला देणारा कोण आहे? मका भले कुठूनही आला असेल.

दोन दिवसांचा पाहुणा

बघा, म्हणजे तुम्हीही यादीच करताय. फक्त तुमची छोटी.

लहान मुलांची आई

मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर सराफ्याचा हट्ट कशाला? शनिवारी रात्री अकराला चार वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन त्या गल्लीत उभं राहून बघा, मग बोला. आम्ही छप्पनला जातो, म्हणजे न्यू पलासियातल्या छप्पन दुकान या खाऊगल्लीला. 2020 मध्ये तो रस्ता नव्याने बांधला तेव्हापासून गाड्या आत येत नाहीत, बसायला जागा आहे, हात धुता येतात, दिवसाउजेडी जाता येतं. तिथे सगळं "खरं" मिळत नाही हे मलाही कळतं. पण माझ्या सासऱ्यांनी बसून कचोरी खाल्ली आणि झोपायच्या वेळी सगळे घरी होते. पावसाळ्यात तर माझा नियमच आहे, डोळ्यांदेखत कढईतून निघालेलं तेवढंच खायचं, चटणी नाही, बर्फ नाही.

राजवाड्यामागचा

छप्पनबद्दल वाद नाही. पण तिथे मला गल्लीचा वास येत नाही.

लहान मुलांची आई

तोच तर फायदा आहे.

सिटी बसचा पासधारक

सासूबाईंच्या अर्ध्या जलेब्याचं काय झालं ते कुणी विचारलंच नाही. मी सांगतो. ओल्या कचऱ्याच्या डब्यातून तो देवगुराडियाला गेला. 2022 पासून तिथे बायो-सीएनजीचा प्रकल्प आहे, सुरू झाला तेव्हा त्याची क्षमता रोज 550 टन ओला कचरा पचवायची होती, आणि त्या गॅसवर आपल्या सिटी बस चालतात. 2017 पासून स्वच्छतेत पहिले येतोय ते काय उगाच? तेव्हा पाहुण्यांनी खुशाल एक घास खाऊन टाकावं, मला ऑफिसला वेळेवर पोचवल्याचं पुण्य लागेल.

गंमत सोडा. प्रकल्प आहे म्हणून अन्न टाकावं असं नाही. माझ्या आजीने जलेबा पदरात बांधून आणला असता.

अट्टल भिया

आणि सकाळी दुधात बुडवून खाल्ला असता. खरं की नाही?

रांधणारी वहिनी

सगळं वाचलं. सराफा झाला, छप्पन झालं, बाफल्याचं हॉटेल झालं. आता जिच्या घरी पाहुणे उतरतात तिचं ऐका. मी सकाळी उठून आळूची भाजी, मसालेभात, कोशिंबीर करते. पाहुणे पोहे-जलेबी खाऊन दहाला परततात, "वहिनी, जेवायला जरा उशिरा बसू." दोनला दोन घास खातात. रात्री साडेसातला म्हणतात, "आम्ही बाहेरच खाऊ, तुम्ही दमू नका." दमून झालेलं असतं तोपर्यंत. मसालेभात तीन दिवस आम्ही दोघं खातो.

इंदूरला येऊन मराठी घरचं काय खायचं, ते तर आमच्याकडेही होतं, असं त्यांना वाटतं. होत नाही. माझ्या आमटीत गूळ पुण्याइतका पडत नाही, आणि डब्यात जीरावन नसेल तर माझ्या घरी वरणसुद्धा कुणी घेत नाही. पोहे मराठी माणसांबरोबर माळव्यात आले असं इथे सगळेच मानतात. आले आणि बदलले. तसेच आम्हीही बदललो. ती चव गल्लीत नाही, ती ओट्याशी आहे. यादीत एक ओळ त्याचीही टाका. आणि येणार नसाल तर आदल्या रात्री सांगा, मी भिजत घातलेले वाल उपसून ठेवते.

दोन दिवसांचा पाहुणा

वहिनी, हे लागलं. आम्ही डिसेंबरात मावशीकडे उतरलो होतो आणि हेच केलं. तिने काही बोलून दाखवलं नाही, पण निघताना डब्यात पुरणपोळ्या दिल्या त्या सहा होत्या, आणि आम्ही पाच जण. बहुतेक आदल्या दिवशीच्या जेवणासाठी केलेल्या असाव्यात.

सदाशिवी

गूळ कमी पडतो हा आमटीवरचा अन्याय आहे, एवढं नोंदवून ठेवतो.

राजवाड्यामागचा

वहिनींचं वाचून बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "तू पण तेच करतोस." माझ्या मूळ पोस्टमध्ये घरचं जेवण कुठेच नव्हतं, हे मला लिहिताना जाणवलंही नाही.

नाताळात भाचा पुन्हा येतोय, या वेळी दोन मित्रांना घेऊन. नवीन यादी आली आहे, तेवीस पदार्थ, त्यात "उपमा (मक्याचा)" असंही लिहिलंय. म्हणजे मेमधला तो एक घास लक्षात राहिला तर. मी खोडाखोड करून बारावर आणली. पाहुण्याचे पाच चमचे घेतले, काकूंचं आधी जेवून निघायचं घेतलं, शिकंजी शेवटी टाकली. शुक्रवारची रात्र घरी, वालाचं बिरडं.

गराडू सगळ्यांत वर ठेवलाय. थंडी बऱ्यापैकी पडायला हवी फक्त.