सकाळचा पहिला तास स्वतःसाठी कसा काढायचा?

नमस्कार मंडळी, मी सांगलीत विश्रामबागला राहते, बँकेत नोकरी आहे आणि यंदा जेएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांच्या परीक्षेचे चारही पेपर पास करायचेत. पाचला जाग येते हो, पण डोळे उघडले की मोबाईल हातात, सोसायटीचा ग्रुप, मग ऑफिसचा ग्रुप, तेवढ्यात पाणी येतं, मग डबे, मुलाची रिक्षा, आणि पुस्तक उघडते ते थेट रात्री दहाला, तेव्हा डोळे मिटायला लागलेले असतात. नोकरी आणि घर सांभाळून कुणी हे जमवलंय का?

साताऱ्याहून
ताई, वेळ तुमच्याकडे आहे, फक्त तो आधी दुसऱ्यांना जातोय. फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला लावा आणि गजराला साधं घड्याळ घ्या. मी हिल मॅरेथॉनची तयारी करतो, २१ किलोमीटर, यवतेश्वरचा घाट चढायचा म्हणजे पायांना सवय लागते, म्हणून उजाडता उजाडता अजिंक्यताऱ्यावर जातो. शूज, कपडे रात्रीच दाराशी काढून ठेवतो. तुम्ही पुस्तक टेबलवर, वाचायचं पान उघडून ठेवा, सकाळी काय वाचू हा विचारच करायला नको.

मिरजेहून
दादांचं बरोबर आहे पण त्यांच्यामागे डबे नाहीत ना 🙂 ताई, खरी अडचण मोबाईल नाही, घरात सगळ्यांना वाटतं की आई उठलीय म्हणजे मोकळी आहे. मी सरळ सांगितलं, सहापर्यंत मला हाक मारायची नाही. सासूबाईंना आधी आवडलं नाही, पण मग त्याच पाणी भरायला लागल्या. भाजी रात्री चिरून ठेवते, कणिक हे मळतात. आणि तुमच्या अहोंना नुसतं 'मदत करा' म्हणू नका, एक काम पूर्ण त्यांच्याकडे द्या, डबा म्हणजे काय करायचं इथपासून भरेपर्यंत.

सांगलीतूनच
झोपेचं कुणी बोललंच नाही. मोठ्या माणसाला किमान सात तास लागतात, म्हणजे पाचला उठायचं तर दहाला आडवं व्हायलाच पाहिजे, रात्रीचा अभ्यास बंदच करा. उठल्यावर थोडा वेळ डोकं जड असतंच, लगेच गणितं घेऊ नका, तोंड धुवा, चहा घ्या, मग बसा. आणि रविवारी आमराईत चक्कर मारा, सकाळच्या उजेडाने रात्री झोप वेळेवर येते.

विश्रामबाग (प्रश्न विचारणारी)
मनापासून आभार सगळ्यांचे. आजच ह्यांच्याशी बोलले, मुलाचा डबा आणि रिक्षा त्यांच्याकडे, पाणी माझ्याकडे. अकाउंटिंगचा पेपर अवघड जातो, तो सकाळी घेते. घड्याळ उद्या आणते.