मागचा अष्टकोनी मनोरा कुणीच बघत नाही

वर कुणीतरी लिहिलंय की व्हिएतनाममधल्या तै निन्हचं काओदाई धर्माचं मंदिर म्हणजे बाहेरून चर्च आणि आतून पॅगोडा, नुसती सरमिसळ. मला हे अजिबात पटलं नाही. समोरून चर्चसारखं दिसतं हे मान्य, पण ते दोन मनोरे घंटेचा आणि नगाऱ्याचा आहेत, आणि आतला हॉल वेदीकडे नऊ टप्प्यांनी चढत जातो, ते टप्पे धर्माधिकाऱ्यांच्या नऊ श्रेणींचे, म्हणजे कोण कुठे बसणार हे जमिनीतच ठरवून टाकलंय. झग्यांचे रंगही तसेच, पिवळा बौद्ध, निळा ताओ, लाल कन्फ्यूशियस.

आणि देवाचं प्रतीक असलेल्या डाव्या डोळ्याबद्दल सगळे बोलतात, दाराजवळच्या चित्रात फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगो सही करतोय त्याचे फोटोही सगळे टाकतात, पण मागच्या टोकाला वेदीवर जो अष्टकोनी मनोरा आहे ना, त्याच्या शिखराकडे मान वर करून बघा. तिथे ब्रह्मा, शिव आणि कृष्ण उभे आहेत! ब्रह्मा हंसावर, आणि शिव सात फण्यांच्या नागावर, हातात चक्क बासरी. आपल्याकडे बासरी कृष्णाची, त्यामुळे आपला माणूस तिथे अडखळणारच. पण त्यांच्या श्रद्धेत हे तिघं प्राचीन बुद्ध मानलेत, आणि म्हणूनच त्यांना थेट वेदीच्या डोक्यावर जागा दिली आहे. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या व्हिएतनामी धर्माने इतका विचार करून हे रचलंय, त्याला सरमिसळ म्हणणं अन्यायाचं वाटतं.